मागच्या दारावरचे साजरेकाका

साजरेकाकांचं खरं आडनाव साजरे नव्हे. ते नाव त्यांना साठीच्या उंबरठ्यावर पडलं, तेही कॉम्प्युटरवरच्या खेळात. कसं पडलं ते आधी सांगितलं नाही, तर पुढचं सगळं मुसळ केरात जाईल.

काकांचं केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, दोन आरसे. एका खुर्चीवर गिऱ्हाईक बसायचं आणि दुसरीवर नुसतं गप्पा मारायला आलेलं कुणीतरी. उभा जन्म असा लोकांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर गेलेला. कुणाचा घरघरता श्वास, कुणाचा कोंडा, कुणाच्या कानातलं जंगल. त्यामुळे लेकीनं जेव्हा सुट्टीत घरी येऊन तो खेळ त्यांना उघडून दिला आणि विचारलं, "बाबा, कोण व्हायचंय? तलवारवाला, ढालवाला, जादूगार, तिरंदाज?" तेव्हा काकांनी एकच प्रश्न केला.

"यातला सगळ्यात लांब कोण उभा राहतो?"

"तिरंदाज."

"मग मी तिरंदाज. माणसं जवळून बघून बघून पोट भरलंय माझं."

पुढे खेळानं नाव विचारलं. काकांनी एका बोटानं अक्षरं शोधत शोधत टाईप केलं, 'दुरूनसाजरा'. डोंगर दुरून साजरे असतात, तसे आपणही दुरूनच बरे, असा त्यांचा हिशेब. खेळात बरोबर लढणाऱ्या टोळीला एवढं लांबलचक नाव हाकेला परवडेना. दोन-चार दिवसांत त्याचं 'साजरेकाका' झालं, आणि काकांनाही ते स्वतःच्या आडनावापेक्षा बरं वाटलं.

लेकीला घरात ठकू म्हणायचे. ठकू दुसऱ्या शहरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. आई गेल्यापासून बापलेकीत बोलणं असं उरलंच नव्हतं. म्हणजे भांडण वगैरे काही नाही हो, छे! रोज फोन व्हायचा. पण तो कसा, तर "जेवलीस का?" "जेवले. तुम्ही?" "हो." "गुडघा?" "आहे." "बरं." "बरं, ठेवतो." एवढ्यात तर माणसाचं खाकरूनसुद्धा होत नाही. पूर्वी फोन आईच्या हातात असायचा आणि काका लांबून ओरडायचे, "माझं पण विचारलं म्हणून सांग!" आता सांगायला मधलं माणूसच राहिलं नव्हतं.

खेळानं ते बदललं. का बदललं, हे केस कापणाऱ्याला समजावून सांगायला नको. खुर्चीत बसलेला माणूस जे बोलतो ते बायकोलाही सांगत नाही. कारण त्याला तुमच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, समोर आरसा असतो, आणि तुमचे हात कामात असतात. हात गुंतले की तोंड मोकळं होतं. इथंही तेच झालं. संध्याकाळी दुकान बंद करून काका कानाला हेडफोन लावून बसायचे, तिकडे ठकू कामावरून येऊन बसायची. टोळीचं बोलणं वेगळं आणि दोघांचं खासगी बोलणं वेगळं ठेवायची सोय त्या खेळात होती. काका लांडग्यांवर बाण सोडायचे, ठकू त्या खेळात वैदीण, ती मागे उभी राहून त्यांच्या जखमा भरायची. आणि मधल्या मधे, लांडगे मरता मरता, ठकू सांगायची की लॅबमधली वरिष्ठ बाई सारखी खेकसते. लॅबमध्ये फार गारवा असतो म्हणून आईचा स्वेटर घालून जाते. काका सांगायचे की हल्ली मी पलंगाच्या तुझ्या आईच्या बाजूला झोपतो, माझ्या बाजूला खिडकीचा उजेड तोंडावर येतो. खिडकी काय कालपरवा बसवलेली नव्हती. पण ठकूनं फक्त न मागता त्यांची जखम भरली.

तर ही ती संध्याकाळची वेळ. काकांच्या दिवसाचं सगळं वजन त्या वेळेवर होतं, आणि तीच धोक्यात आली.

झालं असं, की टोळी हळूहळू वर चढली. लांडगे-अस्वलं संपली आणि किल्ल्यांच्या लढाया सुरू झाल्या. तिथं समोर यंत्र नसतं, माणसं असतात. त्यात एक जात असते खंजीरवाल्यांची. मेले दिसतच नाहीत! गवतात, भिंतीआड, हवेत विरघळल्यासारखे उभे असतात, आणि तुम्ही लांबच्या शत्रूवर बाण रोखला की ध्यानीमनी नसताना पाठीत खंजीर. तिरंदाजाचं सगळं बळ अंतरात. बाण ओढायला क्षणभर वेळ लागतो, आणि अंगाला अंग भिडलं की तो क्षणच मिळत नाही. मग पळता भुई थोडी.

काका पळायचेही नाहीत. ही खरी गंमत. पाठीत खंजीर बसला की काकांचा तिरंदाज खांबासारखा उभा राहायचा आणि उभ्या उभ्या मरायचा. मेलं की खेळ तुम्हाला थेट सुरुवातीच्या तळावर नेऊन टाकतो. तिथून धावत यायला इतका वेळ लागतो की तोवर लढाई आटोपते.

टोळीची कप्तान एक ड्रायव्हिंग शिकवणारी बाई होती. मनानं चांगली, पण तोंडाला ब्रेक नाही. खेळातसुद्धा शेजारच्या सीटवर बसल्यासारखी ओरडायची, "डावीकडे! डावीकडे म्हटलं ना! साजरेकाका, दाबा की काहीतरी! झोपलात का?"

"नाही हो बाई," काका म्हणायचे, आणि तोवर मेलेले असायचे.

शेवटी ठकूनं खासगीत विचारलं, "बाबा, तुम्ही बटण का दाबत नाही? मला तुमच्या हेडफोनमधून नुसतं 'अरे अरे अरे' ऐकू येतं. बटणांचा आवाजच नाही."

काकांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "हात वर असतात माझे."

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे वर. हवेत."

ठकूला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा ती इतकी हसली की तिची वैदीण चालता चालता तळ्यात पडली. वस्तरा धरणाऱ्याची ही जन्माची सवय. गिऱ्हाईक दचकलं, खोकलं, बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, काहीही अचानक झालं की पहिली गोष्ट हात वर. काकांना त्यांच्या उस्तादानं हे चापट्या मारून शिकवलं होतं, आणि त्यांच्या दुकानात आजवर कुणाचा कान कमी झाला नाही तो त्या चापट्यांमुळे. आता खंजीर बसला की मेंदूला कळायच्या आत दोन्ही हात माउस आणि कीबोर्ड सोडून छताकडे. जित्याची खोड ती, खेळ म्हणून थोडीच जाणार!

असं चाललेलं असताना एका संध्याकाळी कप्तान बाईंनी जाहीर केलं. "साजरेकाका, सुट्टीच्या दिवशी दुपारी मोठा किल्ला घ्यायचाय. मागच्या दारावर तुम्ही. एकटे. तिथून कुणाला आत शिरू द्यायचं नाही. वैदीण आमच्याबरोबर पुढे असेल, तुमच्याकडे येणार नाही. निभावलंत तर जागा तुमची पक्की. मेलात तर, वाईट वाटून घेऊ नका काका, पण आम्हाला दुसरा तिरंदाज बघावा लागेल."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. खेळाचं त्यांना काय पडलं होतं? धनुष्य गेलं खड्ड्यात. पण टोळी गेली की ती वेळ गेली, आणि वेळ गेली की परत 'जेवलीस का, ठेवतो'. त्या दिवशी त्यांनी कप्तान बाईंना मनातल्या मनात अशा काही उपमा दिल्या की त्या इथं छापण्यासारख्या नाहीत.

"ठके," ते म्हणाले, "मला शिकव."

ठकूनं शिकवलं. तिनं खेळात स्वतःसाठी दुसरं पात्र उघडलं, खंजीरवालीचं, आणि रोज संध्याकाळी ती बापावर झडप घालू लागली. पोटच्या पोरीनं मला इतक्या वेळा मारलं, असं काका पुढे दुकानात मोठ्या कौतुकानं सांगायचे. झाडामागून, जिन्याखालून, कमानीवरून. आणि दर वेळी वर भाषण. "बाबा, पाठ दाखवून सरळ पळायचं नाही. तो तुमच्याइतकाच जोरात पळतो आणि पाठीवरचा वार दुप्पट लागतो. मागे उडी मारायचं बटण आहे ना, ते घाबरून पहिल्याच वाराला उडवायचं नाही. ते एकदा वापरलं की लवकर परत मिळत नाही. कोपऱ्यात उभं राहायचं नाही, खांबाजवळ राहायचं, म्हणजे फिरायला जागा मिळते. आधी त्याच्या पायात सापळा टाकायचा. त्याचे पाय अडकले की तुम्ही लांब व्हायचं, मग बाण."

"समजलं."

"समजलं ना? मग हात खाली ठेवा!"

समजलेलं सगळं डोक्यात होतं आणि हात छताला. रुमालानं मनगट टेबलाला बांधून पाहिलं, तर झडप बसल्यावर काका टेबलासकट उठले आणि चहा सांडला. ठकू रागवायची, मग हसायची, मग झडपांच्या मधे लॅबच्या गोष्टी सांगायची. एकदा तिनं सांगितलं की एक म्हातारे गृहस्थ सुई बघून रडले, आणि मी त्यांचा हात धरून बसले. मला तुमची आठवण आली. काका म्हणाले, "मी कशाला रडतोय सुईला!" आणि मग बराच वेळ त्यांना नीट नेमच धरता येईना.

गुंता सुटला तो दुकानात. शेजारचा किल्लीवाला दाढीला बसला होता, नाक लालबुंद. काकांनी सगळा चेहरा जपून केला. वस्तरा जबड्याच्या कडेला असताना, ना नाकपुडी फुलली, ना डोळे मिटले, किल्लीवाल्यानं धाडदिशी शिंक दिली. डोकं इकडून तिकडे गेलं. काकांनी बघितलं तर कुठं काही कापलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट बघितली ती ही, की हात वर गेलेच नव्हते. करंगळी किल्लीवाल्याच्या गालावर टेकलेली होती. कोवळ्या जागी दाढी करताना ती तशीच टेकवायची असते, म्हणजे चेहरा जिकडे जाईल तिकडे हात जातो. तो पळत नाही, ओढ घेत नाही, चेहऱ्याबरोबर फिरतो.

"काय झालं?" किल्लीवाला घाबरून म्हणाला.

"अजून एकदा शिंकतोस का रे?" काका म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी डावी करंगळी कीबोर्डच्या कडेला टेकवली, उजवी माउसखालच्या टेबलाला. ठकूनं कमानीवरून झडप घातली. हात जागेवर राहिले! आणि टेकलेल्या करंगळीनं काकांना आणखी एक गोष्ट शिकवली, जी ठकूच्या भाषणात नव्हती. मागे ओढ घ्यायची नाही. ठकू अंगावर आली तसे काका तिच्या अंगावर गेले, कोलांटी मारून तिच्या काखेखालून पलीकडे निघाले, आणि जाता जाता तिच्या पायात सापळा टाकून गेले. ठकू वळेपर्यंत हा गडी खांबापलीकडे, धनुष्य ताणलेलं.

"बाबा!" ठकू किंचाळली. "अहो बाबा! हे कुठं शिकलात?"

"शिंक दिली किल्लीवाल्यानं," काका म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना.

सुट्टीच्या दिवसाची दुपार आली. काकांनी जेवण उरकलं, पडदे ओढले, करंगळ्या टेकवल्या. मागचं दार म्हणजे दोन खांब, मधे लाकडी फाटक, पुढे गवत. पुढच्या बाजूनं कप्तान बाईंचा आरडाओरडा कानावर येत होता, "पुढे! पुढे! कट मार! मागे कोण बघतंय?" ठकू तिकडे होती. काका इथं एकटे, डोळ्यांत तेल घालून गवताकडे बघत.

आला तो गवतातून नाही. फाटकावरून उतरला मेला. पहिला वार पाठीत बसला आणि काकांचा उरलेला जीव दाखवणारी पट्टी सर्रकन खाली आली. तोंडातून 'अरे अरे' निघालं ते निघालंच. पण करंगळ्या टेकलेल्या होत्या. काका त्याच्या अंगावरूनच पलीकडे गेले, सापळा पडला, गडी अडकला. खांबामागे जाऊन एक बाण, दुसरा बाण, तिसऱ्याला तो आडवा.

"हात्तिच्या!" काका मोठ्यानं म्हणाले, आणि तेवढ्यात दुसऱ्यानं गाठलं. ते जोडीनं आले होते. आता सापळा हाताशी नव्हता, तो परत मिळायला वेळ होता. जीव दोन वारांपुरता. इथं काकांनी ती जपून ठेवलेली मागची उडी मारली. त्याचा वार हवेत गेला, तो धावत आला, काका खांबाभोवती फिरले, तो फिरला, काका फिरले. गिऱ्हाईक मान वळवील तसं खुर्चीभोवती फिरण्यात अख्खा जन्म गेलेला माणूस तो! खंजीरवाला दमला की वैतागला कोण जाणे, त्यानं एकदा उलट्या बाजूनं यायचा प्रयत्न केला आणि तोंडावर बाण खाल्ला. मग आणखी एक. पडला.

थोड्या वेळानं किल्ला पडला. टोळीत नुसता दंगा. कप्तान बाई ओरडल्या, "साजरेकाका, लायसन्स मिळालं तुम्हाला! दार सोडू नका मात्र, ते परत येतील!" आणि बाकीची मंडळी लूट वाटून घ्यायला दिवाणखान्याकडे गेली.

ठकूची वैदीण मागच्या दारी आली आणि काकांच्या तिरंदाजाशेजारी पायरीवर बसली. काकांनी खासगी बोलणं सुरू केलं. छाती फुगून शर्टाची बटणं तुटायची बाकी होती.

"बघितलंस का? आता काढते का मला तुझी ती कप्तान, बघतोच मी!"

"ती काढत नव्हतीच, बाबा."

"म्हणजे?"

"परीक्षा घ्यायला मी सांगितलं होतं तिला." ठकूचा आवाज बारीक झाला. "मला पुढच्या आठवड्यापासून दुपारची पाळी लागतेय. संध्याकाळी मी लॅबमध्येच असणार. कधी बदलेल ठाऊक नाही. दर वेळी तुमच्या मागे उभी राहून तुम्हाला मीच जगवत होते ना, मी गेले की त्यांनी आठवड्याभरात तुम्हाला काढलं असतं. म्हटलं, तुम्ही एकटे उभे राहायला शिकलात तर टोळी धरून ठेवेल. संध्याकाळी चार माणसांचे आवाज तरी कानावर पडतील तुमच्या. नाहीतर दुकान बंद झालं की तुम्ही आणि भिंती."

काकांच्या ओठांवर शब्द आला होता, 'बरं'. त्याच्यामागे 'ठेवतो'ही तयार होता. नेहमीच्या सवयीनं त्यांनी तो उच्चारलाही असता आणि मग पाळीच्या नावानं दोन दिवस जेवले नसते. पण समोर बसलेली ती इवलीशी वैदीण त्यांच्या तिरंदाजाच्या जखमा भरत होती, लढाई संपली होती तरी भरत होती, आणि काकांच्यानं ते बघवेना.

"अगं येडे," ते म्हणाले, "टोळी कुणाला हवी होती? ती ब्रेकबाई माझी कोण लागते? मी शिकलो ते तुझ्याशेजारी उभं राहायला मिळावं म्हणून. आणि तू मला शिकवत होतीस ते तू नसताना राहता यावं म्हणून! मला सांगायचं नाही का आधी?"

"तुम्ही इतक्या हौसेनं मरत होता..." ठकू म्हणाली, आणि हसायला गेली ते तिला जमलं नाही.

"मला करमत नाही गं," काका म्हणाले. म्हणून टाकलं एकदाचं. "तुझ्या आईमागं घर खायला उठतं. दिवसभर लोक बोलतात माझ्याशी, पण माझं माणूस कोण आहे त्यात? दिवसभर मी तुझ्या आवाजाची वाट बघतो. गुडघाबिडघा काही नाही, ते फोनवर बोलायला विषय म्हणून सांगतो मी."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मलाही नाही करमत, बाबा," ठकू म्हणाली. "आईचा स्वेटर गारव्यासाठी नाही घालत मी. गारवाबिरवा काही नाही तिथं. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही मग तिकडे एकटे रडत बसाल असं वाटायचं."

"मग इकडे काय मी नाचत होतो?"

आता मात्र ती हसली, रडता रडताच हसली. आणि मग ती बोलायला लागली. आई हॉस्पिटलमध्ये असताना शेवटी तिच्याशी काय बोलली होती ते, जे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. काकांनी माउस सोडला होता. हात मांडीवर होते, रिकामेच.

तेवढ्यात समोरचं गवत हललं. एक आला, मग दोन, मग चार. पायरीवर बसलेल्या दोघांना ओलांडून ते उघड्या फाटकातून आत घुसले. टोळीच्या बोलण्यात एकदम कल्लोळ उठला. कप्तान बाई जीव तोडून ओरडत होत्या, "साजरेकाका! मागचं दार! अहो, मागच्या दारावर कोण आहे? ब्रेक! ब्रेक!"

काकांनी बाईंचा आवाज बंद केला, हेडफोन कानावर नीट दाबून घेतला आणि म्हणाले, "हं, मग? काय म्हणाली ती? सांग तू."